३५ लाखांचा फ्लॅट: अनुदान सारखे, परिसर वेगळा
प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० मध्ये व्याज अनुदानासाठी घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि गृहकर्ज २५ लाखांपर्यंत असावे लागते. ही मर्यादा मुंबईला आणि लहान शहराला एकच. त्यामुळे मुंबईत काम करणाऱ्यांना या किमतीत टॉवरमधला छोटा फ्लॅट बहुधा विरार-बदलापूरकडेच मिळतो. अनुदान जास्तीत जास्त १.८० लाख, पाच वार्षिक हप्त्यांत. म्हणजे महिन्याला फार तर ३,००० रुपये. लिफ्ट, पंप, टँकर आणि घरातल्यांचा प्रवास यांतच ते संपू शकतात. जाहिरातीतली ‘स्टेशनपासून दहा मिनिटे’ अनेकदा रिक्षाची असतात. बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी मासिक देखभाल शुल्क लेखी मागा, महारेरा नोंदणी तपासा आणि कामाच्या दिवशी सकाळी तिथून स्टेशनपर्यंत चालून पाहा.