फजरनंतरची बाग

माघ-फाल्गुनात पळस, पांगारा आणि सावर फुलली, की त्यांच्यावर पळसमैनांचे थवे उतरतात. शेतकरी त्यांना भोरड्या म्हणतात. अंग गुलाबी; डोके, पंख आणि शेपटी काळी. हिवाळाभर ज्वारीच्या शेतांत पोट भरून झाले, की फुलांतला मध आणि पिकलेली फळे खाऊन त्या प्रवासाची शिदोरी अंगात साठवतात. एप्रिलपर्यंत बहुतेक जणी मध्य आशियाच्या गवताळ मैदानांकडे निघून जातात. तिथे टोळ आणि नाकतोडे खाऊ घालून पिले वाढवतात.

म्हणून बागेतला पांगारा हा नुसता शोभेचा नसतो. पण उद्यानाचे ‘सुशोभीकरण’ निघाले, की आधी असल्या झाडांवर कुऱ्हाड पडते. मग हिरवळ, कारंजी आणि रात्रभर जळणारे दिवे येतात. बरेचसे छोटे पक्षी स्थलांतर रात्रीच करतात आणि झगझगीत उजेडाने ते भरकटतात. औरंगाबादेत दिल्ली दरवाज्याजवळच्या तळ्याला डॉ. सलीम अलींचे नाव आहे. नाव देणे सोपे असते. ते निभावायचे तर झाडे आणि अंधार दोन्ही राखावे लागतात.

तक्रार आपल्या समाजाकडेही आहे. सभांमधून कर्तबगार मुसलमानांची यादी वाचली जाते, तीत सलीम अली हमखास असतात. पण 1896 साली मुंबईत जन्मलेला हा माणूस पक्ष्यांकडे वळला तो लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे. ही कोणती चिमणी, हा प्रश्न त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपर्यंत घेऊन गेला. आपण त्यांचे नाव घेतले, त्यांचा प्रश्न घेतला नाही. हजरत सुलेमानांना सबाच्या राणीची खबर आणून देणारा हुदहुद आपल्या मुलांना कुरआनातल्या गोष्टीतून ठाऊक असतो. तोच तुरेवाला हुदहुद मैदानात चोचीने किडे उकरत असतो, तेव्हा त्याला ओळखणारे किती?

पक्षी पाहायची उत्तम वेळ म्हणजे पहाट. फजर पढणारा माणूस तेव्हा जागाच असतो. नमाजनंतर पुन्हा पांघरुणात शिरण्याऐवजी मुलामुलींना घेऊन बागेत जावे.

दुर्बीण घेतलेल्या आपल्या पोराकडे कुणी संशयाने पाहील, ही धास्ती काही पालकांना वाटते आणि ती अगदीच खोटी नाही. 2020 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ख्रिश्चन कूपर या कृष्णवर्णीय पक्षिनिरीक्षकाने एका बाईला कुत्रा बांधायला सांगितले, तर तिने पोलिसांना फोन लावला. पण त्यावर घरी बसणे हा इलाज नव्हे. रोज जावे, वॉचमनला सलाम-नमस्कार करावा, फिरायला आलेल्या आजोबांच्या हातात दुर्बीण द्यावी. एकाच फांदीकडे बोट दाखवणारी दोन माणसे फार वेळ अनोळखी राहत नाहीत. बाग सगळ्यांची आहे, हे भाषणातून पटत नाही. तिथे रोज दिसावे लागते.