द्राक्ष-कांद्याची मदत : नुकसान तेच, रक्कम वेगळी का?

नाशिक जिल्ह्यात गारपीट किंवा अवकाळी पाऊस झाला की पहिला प्रश्न असतो, ‘हेक्टरी किती मिळणार?’ याचे उत्तर २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत तीनदा बदलले. त्यामुळे नुकसान कोणत्या तारखेचे आणि त्या वेळी कोणता शासन निर्णय लागू होता, हे आधी पाहावे लागते.

दर कसे बदलले?

- जानेवारी २०२४ : जिरायत १३,६०० रुपये, बागायत २७,००० रुपये, बहुवार्षिक पिके ३६,००० रुपये प्रतिहेक्टर, मर्यादा ३ हेक्टर. २६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीत निफाड, दिंडोरी, चांदवड भागातील बागा सापडल्या, त्यानंतरचा हा निर्णय.
- मे २०२५ : अनुक्रमे ८,५००, १७,००० आणि २२,५०० रुपये, मर्यादा २ हेक्टर. हे केंद्राच्या आपत्ती निधीच्या निकषांचेच दर आहेत.
- ऑक्टोबर २०२५ : अतिवृष्टीनंतरच्या पॅकेजमध्ये मर्यादा पुन्हा ३ हेक्टर झाली. रब्बीच्या बियाणे-खतांसाठी हेक्टरी १०,००० रुपये जादा धरून १८,५००, २७,००० आणि ३२,५०० रुपये.

तीन हेक्टर द्राक्षबाग पूर्ण बाधित झाली, तर पहिल्या दराने १,०८,००० रुपये, दुसऱ्याने ४५,००० आणि तिसऱ्याने ९७,५०० रुपये होतात. बाग तीच, नुकसान तेच.

ही भरपाई नाही

कागदावर ही रक्कम ‘निविष्ठा अनुदान’ आहे. पुढच्या हंगामाच्या बियाणे-खताला हातभार लागावा, एवढाच तिचा हेतू. नुकसान ३३ टक्के असो वा १०० टक्के, हेक्टरी दर एकच. द्राक्षाचा खर्च एकरीच लाखांत जातो. म्हणून ही रक्कम उत्पन्नाची भरपाई समजून हिशेब मांडू नये.

पंचनाम्याला न दिसणारे नुकसान

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत सूक्ष्म घडनिर्मिती होते. त्या काळात ढगाळ हवामान आणि सततचा पाऊस राहिला, तर वेल हिरवीगार दिसते; पण ऑक्टोबर छाटणीनंतर घडच निघत नाहीत. पाऊस पडला तेव्हा पंचनाम्यात दाखवण्यासारखे काही नसते आणि नुकसान दिसते तेव्हा आपत्तीची तारीख मागे पडलेली असते. कांद्याचेही तसेच. निकष लागवडीखालील क्षेत्रावर बेतलेले आहेत. चाळीत भिजून सडलेला कांदा त्यात सहज बसत नाही.

खरीप २०२५ पासून पीक विम्यातही भरपाई पीक कापणी प्रयोगातील मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते. एकट्याच्या शेतातील स्थानिक आपत्तीचा दावा आता करता येत नाही. त्यामुळे खरीप कांद्यासारख्या पिकासाठी पंचनाम्याचे महत्त्व आणखी वाढले आहे.

आपल्या हातात काय?

- ई-पीक पाहणी वेळेत करा. सातबाऱ्यावर द्राक्ष किंवा कांद्याची नोंद नसेल तर पंचनाम्यात अडचण येते.
- तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनाम्याला येतील तेव्हा हजर राहा. गट क्रमांक, क्षेत्र आणि पिकाचा प्रकार बरोबर लिहिला का, ते पाहा. फळबाग ‘बागायत’ म्हणून नोंदली गेली तर हेक्टरी दर कमी लागतो.
- शेतकरी ओळख क्रमांक काढा. बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, ते तपासा. सामायिक खात्यात संमतीपत्राअभावी रक्कम अडकते.
- यादीत नाव असूनही पैसे आले नाहीत, तर विशिष्ट क्रमांक घेऊन तहसील कार्यालयात चौकशी करा.

कृषी सहायकांनी ऑक्टोबर छाटणीनंतर घड न निघालेल्या बागांची गावनिहाय नोंद छायाचित्रांसह ठेवावी. नियम बदलावा अशी मागणी करताना ‘बागा वाया गेल्या’ एवढे सांगून भागत नाही. गट क्रमांक आणि क्षेत्रासह आकडा द्यावा लागतो.