चीनमधील ठेव

अकोल्याच्या एखाद्या घरचा मुलगा चीनमध्यें नोकरीस राहिला, तर त्यानें पैसा ओळखीच्या नांवाच्या परदेशी बँकेंतच ठेवावा, असें वडीलधाऱ्यांस वाटतें. ही ओढ जुनीच, इ. स. १८५३ त मुंबईंत निघालेल्या मर्कंटाइल बँकेनें शांघाय लवकरच गांठलें होतें. परंतु नुसत्या नांवावर आमचा भरंवसा नाहीं. चीनमध्यें १ मे २०१५ पासून ठेवींस पांच लक्ष युआनपर्यंत विमा आहे. परदेशी बँकेनें तेथें स्वतंत्र चिनी कंपनी स्थापिली असेल तर तो लागू होतो. नुसती शाखा असेल तर सामान्यतः नाहीं. हा भेद शब्दच्छल नव्हे; चिरंजीवांनीं खातें उघडण्यापूर्वींच तो विचारून घ्यावा. इकडील बचत खातें मात्र ते अनिवासी होतांच ‘एन. आर. ओ.’ करून घेणें प्राप्त आहे. एकत्र कुटुंबांत तें तसेंच चालूं ठेवण्याची हौस फार!