मुक्त सॉफ्टवेअर आणि आमचे विद्यार्थी

आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथनजीक एक मोठी वेधशाळा उभारली जात आहे, हे वाचकांस विदित आहेच. कृष्णविवरांच्या टकरींमुळे विश्वात उठणारे गुरुत्वाकर्षणाचे तरंग मोजण्यासाठी तेथे चार चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या काटकोनात बसवावयाच्या असून, या ‘लायगो-इंडिया’ योजनेस केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. वेधशाळा पुरी होईल तेव्हा आखाडा बाळापूरची मुले ती पाहावयास जातील, आणि बहुधा कुंपणाबाहेरूनच पाहून परत येतील. परंतु या शास्त्राचा एक भाग असा आहे की, त्यास आजही कुंपण नाही. अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिला तरंग टिपला. तो यंत्रांच्या गोंगाटातून निवडून काढण्याच्या कामी जी सॉफ्टवेअर उपयोगी पडली, त्यांपैकी ‘पायसीबीसी’ या सॉफ्टवेअरची ओळ न् ओळ कोणासही वाचता येते, आपल्या संगणकावर चालवून पाहता येते, आणि चूक आढळल्यास दुरुस्ती सुचविता येते. सुचविणारा पुण्याचा प्राध्यापक आहे की बाळापूरची विद्यार्थिनी, यावर निर्णय ठरत नाही. दुरुस्ती बरोबर आहे की नाही, हे पाहिले जाते.

ज्या सॉफ्टवेअरचे मूळ लिखाण अशा रीतीने सर्वांस खुले असते, आणि ज्यात फेरफार करून ते पुन्हा इतरांस देण्याची मोकळीक असते, त्यास मुक्त अथवा ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणतात. आपल्याकडे शेतकरी एकमेकांच्या रानात सावडीने राबतात, त्याच जातीचा हा व्यवहार आहे. भेद इतकाच की, येथे सावड करणारे एकमेकांस बहुधा कधी पाहतही नाहीत. या व्यवहारातील दोन मोठी कामे विद्यार्थ्यांनीच आरंभिली, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ प्रसिद्ध केले. १९९३ साली अमेरिकेत इयन मरडॉक या विद्यार्थ्याने ‘डेबियन’चा पाया घातला. आज पालकांच्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्सच आहे.

तथापि ही उदाहरणे ऐकून आमचा विद्यार्थी उत्साहित होण्याऐवजी हबकून जातो. असले काही आपल्या हातून कसे व्हावे, असे त्यास वाटते. आमचे मत असे आहे की, आरंभ निर्मितीने करावयाचाच नसतो. तो काळजीपूर्वक वाचण्याने आणि लहानशा, नेमक्या कामाने करावयाचा असतो. मराठी मुद्रणाच्या इतिहासात याचे उत्तम उदाहरण आहे. जावजी दादाजी हे लहानपणी मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामास लागले. हे काम कोणी हलके म्हणेल. परंतु रोज अक्षर हाती धरणाऱ्यास अक्षराची पारख येते. याच जावजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, आणि तेथील टाइपाची सुबकता पुढे सर्व देशात नावाजली गेली.

मग आजच्या विद्यार्थ्याने घासावयाचे टाइप कोणते? पहिले काम म्हणजे दोष नीट कळविणे. समजा, एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये ‘दुसऱ्या’ या शब्दातील जोडाक्षर मोडून दिसते. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढेच कळविले, तर दूर देशी बसलेल्या माणसास त्यातून काहीच बोध होत नाही. परंतु कोणते सॉफ्टवेअर, त्याची कितवी आवृत्ती, संगणक कोणता, कोणत्या कळा दाबल्या, काय दिसावयास हवे होते आणि काय दिसले, हे क्रमाने लिहून सोबत चित्र जोडणारा विद्यार्थी दुरुस्तीचे निम्मे काम करून देतो. तोच दोष आधी कोणी कळविला आहे काय, हेही प्रथम शोधून पाहावे. प्रयोगवहीत निरीक्षण लिहिण्याची जी शिस्त वर्गात शिकविली जाते, तीच ही शिस्त होय.

दुसरे काम भाषेचे. मराठीतील ॲ या अक्षरास युनिकोडच्या जागतिक अक्षरसंचात स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. आपल्या लिपीच्या गरजा आपण सांगितल्यावाचून जगास कळणार कशा? फायरफॉक्स, लिब्रेऑफिस इत्यादींच्या मराठी भाषांतरास स्वयंसेवकांचा हातभार लागत आला आहे. त्यात एखादा शब्द बोजड अथवा चुकीचा आढळल्यास सोपा व शुद्ध शब्द सुचविणे नववीच्या मुलास अशक्य नाही. यासाठी संगणकाची भाषा येण्याची गरज नाही. मराठी चांगली आणि इंग्रजी बेताची आली म्हणजे पुरे.

तिसरे काम आपल्या गावाचे. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ नावाचा जगाचा खुला नकाशा २००४ पासून लोकच तयार करीत आहेत. बाळापूर अकोला जिल्ह्यातही आहे. तेव्हा कळमनुरी तालुक्यातील आपल्या आखाडा बाळापूरचे पुरते नाव, भोवतालची गावे, ओढे व पांदीचे रस्ते यांची नोंद बरोबर आहे की नाही, हे येथील मुलांहून अधिक कोण जाणणार? मात्र दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून उतरवून घेण्यास तेथे सक्त मनाई आहे. जे स्वतः चालून पाहिले, तेच नोंदवावे.

इतके अंगवळणी पडल्यावर प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिण्याकडे वळावे. मुंबईच्या आय. आय. टी.च्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या उपक्रमाचे लिनक्स, लिब्रेऑफिस इत्यादींवरील कित्येक पाठ मराठीत विनामूल्य ऐकावयास मिळतात. बदलांची नोंद ठेवण्यासाठी टोरवाल्ड्स यांनीच २००५ साली केलेले ‘गिट’ हे साधन शिकून घ्यावे. रीत साधी आहे. मूळ लिखाणाची आपली प्रत करावी, एका वेळी एकच दुरुस्ती करावी, ती चालवून पाहावी, आणि ती का केली हे चार ओळींत लिहून तपासनिसाकडे पाठवावी. दुरुस्ती परत आली तर तो अपमान समजू नये. वहीवरील तांबड्या शाईच्या खुणांसारखेच ते आहे. पुढे महाविद्यालयात गेल्यावर त्याच आय. आय. टी.च्या ‘फॉसी’ प्रकल्पात पाठ्यपुस्तकातील सोडविलेली उदाहरणे ‘सायलॅब’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उतरविण्याचे काम विद्यार्थ्यांनी केले आहे, तसे काही करता येते.

येथे एक इशारा देणे आम्हांस अवश्य वाटते. २०२० च्या ऑक्टोबरात ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उत्सवात, चार दुरुस्त्या पाठविणारास एक सदरा बक्षीस होता. परिणाम असा झाला की, असंख्य लोकांनी न वाचता न समजता कोठे एखादा शब्द घुसडून, कोठे स्तुतीची ओळ चिकटवून दुरुस्त्यांचा नुसता पाऊस पाडला. त्यांत आपल्या देशातील विद्यार्थीही होते. विनावेतन काम करणारे तपासनीस इतके त्रासले की, चालू उत्सवातच नियम बदलावे लागले. हल्ली यंत्राकडून मजकूर लिहवून घेण्याची सोय झाल्यामुळे हा मोह अधिकच बळावला आहे. जी ओळ आपल्याला समजली नाही, ती आपल्या नावाने पाठवू नये. प्रमाणपत्राच्या हव्यासाने केलेल्या अशा एका कामाने पुढे येणाऱ्या दहा प्रामाणिक मुलांकडे संशयाने पाहिले जाते. आणि एकदा पाठविलेली गोष्ट नावासह वर्षानुवर्षे तेथेच राहते.

आता पालकांच्या शंकांविषयी. ‘यात पैसा काय मिळतो?’ असा प्रश्न बहुधा प्रथम येतो. त्याचे खरे उत्तर असे की, आरंभी काही मिळत नाही, आणि यातून नोकरी मिळेलच असेही कोणी सांगू नये. १८ वर्षे पूर्ण झालेल्या नवख्यांस ‘गूगल समर ऑफ कोड’सारख्या उपक्रमात निवड झाल्यास मानधन मिळते, हा उपक्रम २००५ पासून चालू आहे. परंतु त्याहून मोठा लाभ असा की, मुलाने केलेले काम कोणासही उघडून तपासता येते. शहरातील महागड्या शिकवणीचे प्रमाणपत्र ज्यास परवडत नाही, त्याच्या पदरी हा पुरावा असतो. खर्च म्हणाल तर भाषांतराचे व नकाशाचे काम साध्या फोनवरही करता येते, आणि टाकून दिलेला जुना संगणक हलक्या लिनक्सवर पुष्कळदा पुन्हा चालू होतो. मात्र मूल लहान असता त्याचे खाते पालकांच्या जाणिवेनेच उघडले जावे. घरचा पत्ता, फोन क्रमांक व छायाचित्र तेथे देऊ नये. आणि आठवड्यातून दोन-तीन तासांपलीकडे हे काम अभ्यासाच्या आड येऊ देऊ नये.

असो. आजपर्यंत आमच्या भागातील मुलांस संगणक म्हणजे दुसऱ्यांनी केलेली वस्तू वापरावयाचे यंत्र, एवढीच ओळख झाली आहे. ती वस्तू आपणही सुधारू शकतो, आणि आपली सुधारणा लांबच्या अनोळखी माणसाच्या कामी येते, हा अनुभव विद्यार्थ्यास एकदा तरी यावा, अशी आमची इच्छा आहे. विद्यार्थिमित्रहो, येत्या सुट्टीत मोठे काही योजू नका. एक चुकीचा शब्द, एक मोडलेले अक्षर अथवा नकाशातून राहून गेलेली एक वाडी शोधा, आणि तेवढेच नीट करा.