न दिसणारा सांधा आणि परत येणारा माल

भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. कल्हईचे मर्म येथे कुणाला शिकवावे लागत नाही. तापल्या भांड्यावर नवसागर फिरविल्याने मळ सुटतो, मगच कथील धरते. मळ राहिला तर वरून चकाकी येते, पण पोपडे निघतात. एलईडी बल्ब, इन्व्हर्टर व ई-रिक्षा यांची विक्री-दुरुस्ती करणाऱ्या बंधूंनीही हेच मर्म ध्यानात ठेवावे.

या मालातील चिप बारीक तारांनी बाहेरच्या टोकांशी जोडलेली असते. एलईडीमधील तार साधारण २५ मायक्रॉनची, म्हणजे केसाहूनही बारीक. इन्व्हर्टरच्या पॉवर मॉड्यूलमध्ये ॲल्युमिनियमची जाड तार असते. तेथे डाक लागत नाही, धातू वितळतही नाही. तार दाबून धरतात व तिला सेकंदाला सुमारे ६०,००० किंवा त्याहून अधिक कंप देतात. एलईडीच्या सोन्याच्या तारेला जोडीला उष्णताही देतात. घासण्याने ऑक्साइडचा थर फुटतो आणि धातू धातूला धरतो.

दाब वा कंप जास्त झाला तर सांध्याच्या टाचेला चीर पडते. कमी झाला तर तार सुटते. सूक्ष्मदर्शकाखाली हे स्पष्ट दिसते. शिवाय ॲल्युमिनियम तापल्यावर सिलिकॉनच्या आठ-नऊ पट फुगते. दर चालू-बंदीला सांधा ताणला जातो. विदर्भातील ४५ अंशांच्या उन्हात कच्चा सांधा किती टिकणार?

दोष कारखान्यातला, पण गिऱ्हाईक येते दुकानदाराच्या दारी आणि बदलून देण्याचा भुर्दंड त्याच्याच गल्ल्यावर पडतो. म्हणून आमचे मत असे की, चार-पाच दुकानांनी मिळून एक साधा सूक्ष्मदर्शक घ्यावा. एलईडीचे आवरण पारदर्शक असेल तर तुटलेली तार दिसू शकते. काळ्या आवरणाचे भाग मात्र तेजाबाने उघडण्याच्या फंदात पडू नये. ते जिवावर बेतेल. परत आलेल्या प्रत्येक नगाची तारीख, बॅच व दोष वहीत लिहावा. दहा नग एकाच बॅचचे निघाले, तर ती वही व छायाचित्रे ठोक व्यापाऱ्यापुढे ठेवावीत.

तोंडी तक्रार उडवून लावता येते. नोंदीला उत्तर द्यावे लागते. भांडे ठोकून पारखणाऱ्या कारागिराला ही नवी पारख जड जाऊ नये.