आधी उठायचं कसं ते ठरवा

परवा पुण्याहून मामेभावाने फोटो पाठवला. नव्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात भिंतीला पक्की केलेली एल आकाराची बाकं, मध्ये टेबल, बाकांखाली खणच खण. 'तुमच्या अमेरिकेसारखं ब्रेकफास्ट नूक करतोय, ॲडव्हान्स देऊ ना?'

नको देऊस रे बाबा. आधी ऐक.

न्यू जर्सीतल्या आमच्या घरात हे नूक आहे. इथे हे प्रकरण चांगलं शंभर वर्षं जुनं. १९०८ ते १९४० या काळात सीअर्स कंपनी कॅटलॉगातून अख्खी घरं विकायची, सुटे भाग रेल्वेने यायचे. त्यातल्या काही घरांत अशी समोरासमोर दोन बाकं असायची. कारण साधं. खुर्ची मागे ओढायला दोन-अडीच फूट जागा लागते, बाकाला लागत नाही. जागा वाचते हे खरंच, माझं भांडण त्याच्याशी नाही. भांडण आहे ते बाकाची पेटी करणाऱ्यांशी.

आम्ही ते २००९ साली करून घेतलं. कंत्राटदार म्हणाला, खाली स्टोरेज मिळेल. फुकट स्टोरेज म्हटल्यावर आपण मराठी माणसं काय ऐकतो! जास्त डबे मावावेत म्हणून बैठक २२ इंच खोल, पाठ काटकोनात सरळ, पुढची फळी थेट जमिनीपर्यंत. टेबलाला चार कोपऱ्यांत चार पाय. आणि ड्रॉइंगवर सही माझी, म्हणजे एका इंजिनियरची!

मग आई आली. तिची उंची पाच फूटही नाही. पाठ टेकली की पाय लोंबकळायचे, पाय टेकले की पाठ अधांतरी. कोपऱ्यात बसली की तिला बाहेर यायला आम्ही दोघांनी उठायचं. आठवड्याभरात ती ओट्याशी उभी राहून चहा प्यायला लागली. 'मला उभ्यानेच बरं वाटतं रे.' दोन महिने मी ते खरं मानलं.

एक प्रयोग करा. खुर्चीवर बसा, पावलं गुडघ्यांच्या पुढे ठेवा आणि हात न टेकता उठून दाखवा. जमणार नाही. आता टाचा गुडघ्यांच्या मागे घ्या. उठलात ना? शरीराचा भार पावलांवर आल्याशिवाय माणूस उठू शकत नाही. बाकाची पुढची फळी जमिनीपर्यंत आणली की टाचा मागे जायची वाटच बंद. तरण्या पोरांना कळत नाही, ती उसळी मारून उठतात. दुखऱ्या गुडघ्यांना रोज कळतं.

तेव्हा खाली पावलांसाठी ४ इंचांची खाच हवीच, मग खण लहान झाला तरी चालेल. बैठक १६ ते १८ इंच खोल, त्याहून जास्त नाही. गादी दबल्यावर उंची १६-१७ इंच, टेबल त्याच्या ११-१२ इंच वर. पाठीची वरची कड ३ इंच मागे कललेली. माणशी २४ इंच. टेबलाला मधोमध एकच खांब. सेल्समन म्हणेल, 'गादी जाड लावू, आरामशीर होईल.' अजिबात नको. मऊ जाड गादीत माणूस रुततो, उठणं आणखी कठीण! 'कोपऱ्यात मुलं बसतील,' असंही म्हणेल. मुलं दहा वर्षांत घराबाहेर पडतात, हे मी पुण्यातल्यांना काय सांगणार?

आमची फळी मी शेवटी स्वतः करवतीने कापली. तोवर आईची सहा महिन्यांची मुदत संपून ती परत गेली होती. असो.

मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि तुझ्या फोटोतला कोपरा दोन्ही बाजूंनी भिंतीत आहे. तिची जागा बाहेरच्या टोकाला ठेव. नाहीतर सरळ समोर हातांची एक सुटी खुर्ची ठेव, शोभा गेली तरी चालेल. सुताराला बोलावण्याआधी खोकी रचून, वर फळी टाकून त्याच मापाचं बाक कर आणि मामीला बसव. ती हात न टेकता दोनदा उठली, की मग ॲडव्हान्स दे.