अनोळखी लेखकाची कथा कोण वाचणार?

विद्यार्थी मित्रहो, विज्ञानकथा तुम्ही आवडीने वाचता. पण ती तुमच्यापर्यंत कोणत्या वाटेने आली, याचा कधी विचार केला आहे का? ही वाट बहुधा मासिकांतून आलेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी मराठी वाचकाला ‘केरळ कोकिळ’ मासिकातून भेटली. अमेरिकेत १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅक यांनी केवळ विज्ञानकथांना वाहिलेले ‘अमेझिंग स्टोरीज’ काढले. आपल्याकडे अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने अद्‌भुत कथेची गोडी लावली.

मासिकाचे काम कथा छापण्याचे, असे आपण म्हणतो. पण त्याआधीचे काम अधिक मोलाचे असते. अनोळखी माणसाची कथा संपादकाने नीट वाचायची, हे ते काम. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर! आपली आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले होते. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञालाही आपली कथा नावावर नव्हे, गुणांवर पारखून हवी होती.

आज ही वाट अरुंद झाली आहे. मराठी विज्ञानकथा आता मुख्यतः दिवाळी अंकांत भेटते. वर्षातून एकदा निघणाऱ्या अंकात जागा थोडी. तेथे नावाजलेल्या लेखकाचा विचार आधी होणारच. परदेशात काही मासिके संगणकाच्या पडद्यावर निघू लागली. २००६ साली निघालेले ‘क्लार्क्सवर्ल्ड’ त्यांपैकी एक. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला नव्या कथा स्वीकारणे काही काळ थांबवावे लागले. कारण यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांचा लोंढा! त्यात नुकसान झाले ते स्वतः लिहिणाऱ्या नवोदितांचे.

तुम्ही म्हणाल, याचा आमच्याशी काय संबंध? समजा, तुम्ही छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला नववीत शिकता. एकीकडे मोटारींचा कारखाना आणि ‘ऑरिक’ हे नवे औद्योगिक नगर, दुसरीकडे पावसाची वाट पाहणारी शेते. यंत्रांबरोबर काम करून घरी आलेले वडील काय सांगतात, विहिरीचे पाणी किती खाली गेले, हे तुम्ही रोज ऐकता. यातून सुचणारी विज्ञानकथा दूरच्या लेखकाला सुचणार नाही. पण ती वाचणार कोण?

माझ्या मते, हे काम शाळांनी हाती घ्यावे. शिक्षकहो, दर दोन महिन्यांनी विज्ञानकथांचे एक हस्तलिखित काढा. कथेवर नाव नको, फक्त क्रमांक घाला. दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक यांनी ती वाचावी. कथेतील विज्ञान काढून टाकले, तरी कथा तशीच उभी राहते का, हे पाहावे. राहत असेल, तर ते विज्ञान नुसते शोभेचे समजावे. नाकारलेल्या कथेलाही दोन ओळींत कारण लिहून द्यावे. लेखक घडतो तो त्या दोन ओळींनी.

उद्याची मासिके कागदावर निघतील की पडद्यावर, हे सांगता येत नाही. अनोळखी लेखकाची कथा शेवटपर्यंत वाचणारा माणूस मात्र तेव्हाही लागेल. तो तुमच्या वर्गात तयार होऊ द्या.